जात्यावांचून ओवी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबन नांवाचें एक लहानसें बंदर आहे. तेथील हायस्कुलांत शिकलेल्या मुलामुलींनीं एक वाद्यवृंद उभारिला, त्यास आपल्या रानांतील एका पक्ष्याचें ‘कॅपरकेली’ हें नांव दिलें आणि १९८४ सालीं पहिली ध्वनिमुद्रिका काढिली. त्याच मंडळीची १९९१ सालची ‘डिलीरियम’ ही ध्वनिमुद्रिका आम्हीं ऐकिली. तीवरून सुचलेले विचार विद्यार्थिमित्रांपुढें ठेवितों.

तींतील एक गेलिक गीत सुमारें चारशें वर्षांचें जुनें आहे. नवें विणलेलें लोकरी कापड भिजवून स्त्रिया फळीभोंवतीं बसत व तें आपटून घट्ट करीत. एकीनें चरण म्हणावा, इतरींनीं ध्रुपद उचलावें आणि त्या ठेक्यावर सर्वांचे हात एकदम पडावे, अशी या गाण्यांची रीत.

भाषेचें एक अक्षरही आम्हांस कळलें नाहीं. परंतु ठेका मात्र घरचा वाटला. निरेच्या कालव्याकाठीं आमच्या माळेगांवांतही घरोघर असाच ठेका होता, तो जात्याचा. दळतांना माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सारें ओवींत येई. पुढें गिरणी आली. आजीच्या तळहातांवरील घट्टे आम्हीं पाहिले आहेत. म्हणून जातें परत यावें, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु जात्याबरोबर ओवीही घरांतून उठली. आजी गेली, आणि तिच्या ओव्यांपैकीं पुऱ्या अशा दोनच आज आमच्या स्मरणांत आहेत.

स्कॉटलंडांतही यंत्रें आलीं व कापड आपटणें थांबलें. मुद्रणगृहांत फळी नव्हती, कापड नव्हतें. त्यांच्या जागीं वाद्यें होतीं. तरी गाणें जगलें. १९९२ सालीं तें ब्रिटनमधील पहिल्या चाळीस लोकप्रिय गीतांत गेलें. स्कॉटिश गेलिक गीतास हा मान प्रथमच मिळाला.

आपल्याकडेही हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं पुण्यास राहून महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. कित्येक बायांचे आवाजही फितीवर उतरवून घेतले गेले. म्हणजे भांडार आहे. उणीव आहे ती गाणाऱ्या मुखांची.

याकरितां ओबनच्या मुलांचा कित्ता गिरवावा. या सुट्टींत आजीजवळ वही घेऊन बसा. शब्द उतरवून घ्या, पण चाल गळ्यांत घ्या. चाल वहींत राहत नाहीं. आणि स्नेहसंमेलनांत त्या ओव्या गा. पहिल्या रांगेंत आजीस बसवावयास विसरूं नका.