ट्रॅक्टर गेला, ट्रॉली राहिली

"सर, ट्रॅक्टर तर निघून गेला होता," कोपर खरचटलेली आठवीतली पोरगी सांगत होती. खरंच होतं तिचं. ट्रॅक्टर गेला होता, मागची ट्रॉली यायची होती.

दिवाळीनंतर आमच्या वडनेरकडचा कापूस हिंगणघाटच्या बाजाराला निघतो. फळ्यांच्या बाहेर दोन्ही अंगांनी फुगलेला. वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला ओढली जाते. नेमकी तिथेच सायकल असते. इंजिनाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही, मागे पाहावं तर नुसता कापूस.

मी पोरांना सांगितलं, वळणावर उतरा, ट्रॉलीचं मागचं चाक जाईपर्यंत थांबा. उर्दूच्या तासाला 'सब्र' समजावताना हेच उदाहरण दिलं. मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. सब्र काय सायकलवाल्यांनीच करायचा?

ट्रॅक्टर आमच्याच मोहल्ल्यातल्या चाचांचा. संध्याकाळी गेलो.

"मास्टरसाब, दिसलीच नाही हो," म्हणाले. खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर लागला. अंधारात कामाचा आहे. पण पोरगी भरदुपारी पडली होती, आणि ट्रॉलीच्या मागे नव्हे, बाजूला होती. वळणावर वेग कमी करा, हे सांगायला परत जायचं आहे.