शंभर किलोत वीस ग्रॅम

मुंबईच्या गुलालवाडीत पाईप आणि नळ्यांचा व्यापार करणाऱ्या एका पेढीवर, गादीशेजारच्या काचेच्या कपाटात पितळी नळीचा वीतभर तुकडा ठेवलेला असे. अंगावर तांबूस डाग आणि कड झिजलेली. पुतण्याने एकदा तो भंगारात टाकायला काढला, तेव्हा काकांनी न बोलता तो पुन्हा जागेवर ठेवला.

त्याचा उलगडा एका मार्चअखेरीस झाला. खाडीकाठच्या एका कारखान्याकडून कंडेन्सरच्या नळ्यांची मोठी मागणी आली. माल हवा होता ‘ॲडमिरल्टी ब्रास’चा. गोदामात मात्र त्याच मापाच्या साध्या पितळेच्या नळ्या पडून होत्या आणि बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा काठोकाठ भरली होती. पुतण्या म्हणाला, “काका, रंग तोच, माप तेच. फरक जेमतेम टक्क्याचा. तुम्ही हो म्हणा, आजच माल चढवतो.”

काकांनी कपाटातला तुकडा त्याच्या हाती दिला. “दाबून बघ.” अंगठ्याचा जोर पडताच कडेचा कपचा निघाला.

कंडेन्सरचे काम ऐकायला सोपे आहे. टर्बाइन फिरवून थकलेली वाफ एका मोठ्या बंद टाकीत येते. टाकीत शेकडो, मोठ्या वीजकेंद्रात तर हजारो नळ्या ओळीने बसवलेल्या असतात आणि त्यांतून थंड पाणी वाहते. नळीच्या थंड अंगाला टेकताच वाफेचे पाणी होते आणि ते पुन्हा बॉयलरकडे जाते. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्याची सुमारे सोळाशे लिटर वाफ होते; तिचे पुन्हा पाणी झाले की तेवढी जागा रिकामी होते. त्यामुळे टाकीत निर्वात तयार होतो आणि टर्बाइनला अधिक काम करता येते. जेम्स वॉटने 1769 मध्ये स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट घेतले, तेव्हापासून हेच तत्त्व चालत आले आहे.

बॉयलरचे शुद्ध पाणी आणि बाहेरचे खारे पाणी यांच्यामध्ये उभी असते ती केवळ मिलिमीटरभर जाडीची भिंत. तिला सुईएवढे छिद्र पडले तरी बाहेर काही गळताना दिसत नाही. आतल्या निर्वातामुळे खारे पाणीच शोषले जाते आणि त्यातले क्षार बॉयलरपर्यंत पोहोचतात.

म्हणून नळीचा धातू पारखून घ्यावा लागतो. समुद्राच्या पाण्यासाठी ॲल्युमिनियम ब्रास, तांबे व निकेल यांचे नव्वद-दहा किंवा सत्तर-तीस मिश्रण आणि आता टायटॅनियम वापरतात. ब्रिटिश आरमाराचे नाव मिरवणाऱ्या ॲडमिरल्टी ब्रासमध्ये सुमारे 71 टक्के तांबे, 1 टक्का कथील, बाकी बहुतेक जस्त असते; शिवाय 0.02 ते 0.06 टक्के आर्सेनिक. म्हणजे शंभर किलोत अवघे वीस ते साठ ग्रॅम! ते नसेल तर पाणी पितळेतले जस्त हळूहळू काढून नेते. नळीचा आकार तसाच राहतो, पण मागे उरते ते स्पंजासारखे सच्छिद्र तांबे.

काका सांगू लागले, “हा तुकडा आपल्याच मालाचा आहे. मिलचे चाचणीपत्र न बघता, नुसत्या रंगावर विसंबून मी माल पाठवला होता. लबाडी नव्हती, घाई होती. त्या गिऱ्हाइकाने भांडण केले नाही. हा तुकडा पाठवला आणि पुन्हा कधी मागणी दिली नाही.”

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने कारखान्याला फोन लावला. “तुम्हाला हवा तो माल आमच्याकडे तयार नाही. चाचणीपत्रासह द्यायला सहा आठवडे लागतील.”

कारखान्याला थांबणे शक्य नव्हते; मागणी दुसरीकडे गेली. गोदामातल्या नळ्या पुढे साधे पितळ म्हणूनच, थोडी खोट सोसून विकल्या गेल्या. त्या मार्चमध्ये बँकेला व्याज भरताना पेढीची ओढाताण झाली. कपाटातला तुकडा मात्र जागेवरच राहिला आणि त्यावरची धूळ आता पुतण्या स्वतः पुसतो.