तीर्थरूपांचा संगणक

आमच्या घरीं एक वृद्ध संगणक आहे. जात बीबीसी मायक्रो. कुळ केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचें. हें यंत्र इंग्लंडांत १९८१ सालीं निघालें, आणि हिंदुस्थानांतील शाळांना संगणकाची ओळख करून देण्यासाठीं १९८४-८५ सालीं जी 'क्लास' योजना सुरू झाली, तिनें तें आमच्या तीर्थरूपांच्या वर्गांत आणून बसविलें. पुढें शाळेनें तें मोडींत काढलें, तेव्हां तीर्थरूपांनीं पैसे मोजून घरीं आणलें. स्मृति अवघी ३२ किलोबाइटांची. पण बटण दाबतांच दोन स्वरांत साद घालावी ती त्यानेंच! तीर्थरूप गेल्यापासून आम्ही दर दसऱ्यास ती साद ऐकतों.

यंदां उन्हाळ्यांत आमच्या एका जाणत्या स्नेह्यांनीं त्याची वीजपुरवठ्याची पेटी उघडली व मान हालविली. वीज जेथें आंत शिरते तेथें कागदी गुंडाळीचे दोन कपॅसिटर असतात. वर पिंवळसर, पारदर्शक कवच. काळानें त्या कवचास बारीक भेगा पडतात, भेगांतून दमट हवा शिरते, कागद ती शोषून घेतो, आणि एके दिवशीं यंत्र चालू करतांच फट् असा आवाज होऊन घरभर उग्र धूर कोंदतो. गंमत अशी कीं, ह्या भागांवांचून यंत्राचें कांहीं अडत नाहीं; आपल्या घरची खरखर विजेच्या तारेंतून शेजाऱ्याच्या रेडिओपर्यंत जाऊं नये, एवढेंच त्यांचें काम.

'आजच बदलूं,' स्नेही म्हणाले. आम्हीं नको म्हटलें. चालत्या यंत्रास हात लावूं नये, मूळ वस्तु मूळ स्वरूपांत राहावी, वगैरे पांडित्य आम्हीं पुष्कळ केलें. खरें कारण वाचकांस सांगतांनाहि संकोच वाटतो. तीर्थरूपांचा हात फिरलेल्या त्या यंत्रांतील एक तुकडाहि काढून टाकावयास आमचें मन धजेना. पावसाळाभर तें फडक्याखालीं पडून राहिलें.

दसरा जवळ आला तेव्हां आम्हीं स्वतःच चष्मा लावून आंत डोकावलों. भेगाळलेला कपॅसिटर एकच होता. दुसरा मूळचा नव्हेच! निळा, चौकोनी, पाय लांब ठेवून बसविलेला, आणि खालीं डाखाचा हा भला मोठा गोळा. तो डाख आम्हीं ओळखला. घरच्या जुन्या रेडिओंत, देवघरांतील विजेच्या दिव्यांत तसले ओबडधोबड गोळे अजून आहेत. म्हणजे तीर्थरूपांनीं एक भाग केव्हांच काढून फेंकला होता, आणि त्याबद्दल घरांत चकार शब्द काढला नव्हता. आम्ही ज्या मूळपणाची राखण करीत होतों तो असा!

स्नेह्यांस बोलावणें गेलें. भेगाळलेला भाग पांच मिनिटांत बदलला. निळा त्यांनीं तपासून पाहिला. तो ठणठणीत निघाला. मात्र खालचा गोळा पाहून त्यांना राहवेना. 'एवढा साफ करून देतों,' म्हणून ते तापलेली सळई घेऊन वांकले, तों आम्हीं त्यांचा हात धरला. त्यांनीं नाक मुरडलें आणि झांकण बसविलें.