बिजू थिएटरची माणसं

प्रिय ताई,


जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमांतला एकच बघायचा तर कुठला, असं तू विचारलंस. ‘द स्मॉलेस्ट शो ऑन अर्थ’ बघ. १९५७ चा, कृष्णधवल, जेमतेम ऐंशी मिनिटांचा. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. एका तरुण जोडप्याला वारशात ‘बिजू’ नावाचं मोडकळीला आलेलं थिएटर मिळतं. आगगाडी गेली की सगळी इमारत गदगदते. बड्या ‘ग्रँड’ थिएटरच्या मालकाला ती जागा मोटारी उभ्या करायला हवी असते. भाव चढावा म्हणून दोघं थिएटर पुन्हा चालू करत असल्याचं दाखवतात.

पण सिनेमा खरा तिथल्या तीन म्हाताऱ्या नोकरांचा. तिकीट-खिडकीवर मार्गारेट रुदरफोर्ड, डोअरकीपर बर्नार्ड माइल्स आणि ऑपरेटर पीटर सेलर्स. सेलर्स तेव्हा एकतीस वर्षांचा होता, हे बघताना खरंच वाटत नाही. पडद्यावर वाळवंट असताना हॉल तापवून आइस्क्रीम खपवतात, तिथे तू पोट धरून हसशील.

मला मात्र एक रात्र विसरता येत नाही. खेळ संपलेला असतो आणि तिघं स्वतःसाठीच एक मूकपट लावतात. सेलर्स मशीनवर, रुदरफोर्ड पियानोवर, रिकाम्या खुर्च्यांत डोअरकीपर. तो मूकपट खराखुरा आहे, सेसिल हेपवर्थचा १९२३ चा ‘कमिन थ्रू द राय’. पुढच्याच वर्षी हेपवर्थचं दिवाळं निघालं आणि त्याच्या कितीतरी सिनेमांच्या निगेटिव्ह वितळवल्या गेल्या. विनोदी सिनेमात डिअर्डन इथे एकदाही हसू मागत नाही. म्हातारपणाची टिंगल सोपी असते, ती त्यानं केली नाही, म्हणून हा सिनेमा मला इतका प्रिय आहे.

१९४६ साली ब्रिटनमध्ये १६३ कोटी तिकिटं खपली होती. हा सिनेमा आला तोवर आकडा ९१ कोटींच्या आसपास उतरला होता. घरोघरी टीव्ही येत होता. अशी ‘बिजू’ गावोगाव बंद पडत होती.

शेवट मला अजून पटलेला नाही. ‘बिजू’च्या तरुण मालकाच्या तोंडून सहज निघालेली एक गोष्ट डोअरकीपर मनावर घेतो आणि करून मोकळा होतो. सिनेमा ते हसण्यावारी नेतो. त्या माणसाला आयुष्यभर फक्त एक गणवेश हवा असतो गं! त्याच्यावर एवढं ओझं टाकायला नको होतं. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझा,
धाकटा भाऊ