उबेची वाट : राजाजीनगर ते उटी

जानेवारीतही राजाजीनगरात पहाटेला एका शालीवर भागतं. बंगळुरात थंडी कुणाला फारशी छळत नाही, त्यामुळे आमच्या मोटरहोममध्ये हीटर आहे म्हटलं की ‘तो कशाला?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. उटी २,२४० मीटर उंचीवर आहे आणि या दिवसांत तिथल्या सखल कुरणांवर पारा शून्याच्या आसपास उतरतो. सासूबाईंना उटी पाहायची होती. थंडीत त्यांचे गुडघे धरतात आणि हॉटेलच्या जिन्यांपेक्षा गाडीतला पलंग त्यांना सोयीचा पडतो. त्यामुळे हीटर नीट समजून घेतल्याशिवाय निघायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, वाइंडिंग आणि वेल्डिंगची लहान लहान दुकानं आहेत. त्यातल्या एका मेस्त्रीने बाकाखालचा हीटर काढून टेबलावर उघडून ठेवला. डिझेलवरचा हीटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पंखेदार कवचात बसवलेली छोटी भट्टी. एक नळी गाडीखालून जळणापुरती हवा ओढते आणि दुसरी धूर गाडीखालीच सोडून देते. गाडीतली हवा वेगळ्या पंख्याने त्या कवचाच्या बाहेरून फिरते, तापते आणि डक्टमधून परत आत येते. जळणाची हवा आणि आपल्या श्वासाची हवा एकमेकींत मिसळत नाहीत. या यंत्राची सगळी सुरक्षितता एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

सुरू होताना ग्लो प्लग लालबुंद तापतो आणि काही मिनिटं बारा व्होल्टच्या बॅटरीतून आठ-दहा अँपिअर ओढतो. ज्योत धरली की एक-दोन अँपिअर पुरतात. पंप टिक-टिक करत डिझेल मोजून देतो. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल लागतं. बॅटरीवर विजेचा हीटर चालवायचा म्हटलं तर गणितच जमत नाही. दीड हजार वॉटच्या हीटरला इन्व्हर्टरमार्गे सव्वाशेहून अधिक अँपिअर लागतात आणि दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासही तग धरत नाही.

“मशीन सहसा बिघडत नाही, मॅडम,” मेस्त्री म्हणाला. “त्याला करंट, डिझेल नाहीतर हवा, यातलं काहीतरी कमी पडतं. बघायचं तेही याच क्रमाने.”

करंटचा धडा काकांकडून मिळाला. हे माझे चुलत सासरे. रवी किर्लोस्करांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकमध्ये त्यांची उभी हयात मोटारींच्या चाचण्या घेण्यात गेली. राजाजीनगर आणि मल्लेश्वरमच्या सीमेवरच्या त्या कारखान्याच्या जागेवर आता ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे आहेत. निघताना त्यांनी आपला मल्टिमीटर माझ्या हातात ठेवला. “बॅटरी स्वस्थ बसलेली असताना मोजू नकोस गं. तिच्यावर भार पडला की मोज. खरं काय ते तेव्हाच कळतं.”

वेस्ट ऑफ कॉर्ड रोडवरून आम्ही म्हैसूर रस्त्याला लागलो. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गाने बिडदी, रामनगर, मंड्या झपाट्याने मागे टाकले. चालत्या गाडीत उबेसाठी वेगळं काही करावं लागत नाही. इंजिनाला थंड ठेवणारं पाणीच तापलेलं असतं आणि डॅशबोर्डचा हीटर तीच उष्णता आत आणतो. इंजिन बंद झालं की ही फुकटची ऊब संपते.

नंजनगूड मागे टाकून गुंडलुपेटला टाकी काठोकाठ भरली. हीटरची डिझेलची नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत, थोडी वर ठेवतात. रात्रभर हीटर चालला तरी सकाळी इंजिनापुरतं डिझेल उरावं म्हणून ही सोय असते. त्यामुळे टाकी पाव हिश्शाच्या खाली गेली की गाडी चालते आणि हीटर मात्र कोरडा पडतो. थंडीत ‘हीटर बंद पडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

बंदीपूरच्या जंगलातून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. २००९ पासूनचा हा नियम तिथल्या प्राण्यांसाठी आहे आणि तो मनापासून पाळावा असाच आहे. आम्ही दुपारीच बंदीपूर आणि मुदुमलै ओलांडलं. रस्त्याकडेच्या बांबूत हत्तीण आणि पिल्लू दिसलं तेव्हा सासूबाईंनी नकळत हात जोडले. निलगिरीत शिरण्यासाठी २०२४ पासून ई-पास लागतो, तो आधीच काढला होता. मसिनगुडीवरून कल्हट्टीच्या छत्तीस वळणांची वाट जवळची, पण आमच्यासारख्या उंच, जड गाडीला गुडलूरचाच घाट बरा. नाडुवट्टमच्या चहामळ्यांपासून हवा बदलली. पायकारा येईपर्यंत खिडकीची काच हाताला गार लागायला लागली आणि निलगिरीच्या झाडांचा उग्र वास गाडीभर पसरला.

मुक्काम तलैकुंद्याजवळच्या एका घरगुती निवासाच्या अंगणात होता. यजमान बडगा समाजाचे, गाजर आणि बटाट्याची शेती करणारे. “आज आभाळ निरभ्र आहे, वारा नाही, पहाटे दंव गोठणार,” त्यांनी सांगितलं. ढग असले की जमिनीची ऊब झाकलेली राहते. मोकळ्या आभाळाखाली ती रात्रभर निघून जाते आणि जड, गार हवा दरीच्या तळाशी साचते.

सूर्य मावळताच हीटर लावला. पंखा फिरला, पंप टिकटिकला, धुराच्या नळीतून पांढरा धूर आला आणि सगळं बंद पडलं. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचलं, पण पेटलं नाही. मेस्त्रीचा क्रम आठवून मी करंटपासून सुरुवात केली. बॅटरी नुसती मोजली तर १२.४ व्होल्ट दिसले. पुन्हा हीटर लावला आणि ग्लो प्लग तापू लागताच हीटरच्या तारांवर मोजलं : १०.८. एवढं कमी व्होल्टेज दिसलं की हीटरचा कंट्रोलर स्वतःहून माघार घेतो. बॅटरीजवळ मात्र तेव्हाही जवळपास १२ होते. काकांना फोन लावला. “मधल्या मधे एक व्होल्टच्या वर गेला म्हणजे जोड ढिला आहे,” ते म्हणाले. “फ्यूजपाशी बघ.” फ्यूजच्या टर्मिनलवर हिरवट गंज चढलेला होता. नवऱ्याने बॅटरी सोडवून ते टर्मिनल सँडपेपरने घासलं, स्क्रू आवळला. या खेपेला ज्योत धरली आणि डक्टमधून ऊन हवा आली.

थोड्या वेळाने धूर काळा येऊ लागला आणि अंगणात डिझेलचा उग्र वास सुटला. वीज ठीक होती, टाकी भरलेली होती. खाली वाकून पाहिलं तर हवेची नळीही मोकळी; तिच्यावर घाटातला चिखल बसलेला नव्हता. कारण उंचीचं होतं. २,२४० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव हिश्शाने कमी असतो. पंप डिझेल तेवढंच देत राहतो, प्राणवायू मात्र कमी मिळतो. मग जळण अर्धवट होतं आणि आत काजळी धरते. काही हीटर उंचीनुसार डिझेल कमी करण्याची जुळणी आपणहून करतात. आमच्या साध्या हीटरमध्ये ती कंट्रोलरवर हाताने करावी लागते. पंपाचा ठोका थोडा थोडा मंद करत गेलो, तसा धूर विरळ होत दिसेनासा झाला. मग बसलेली काजळी जळून जावी म्हणून अर्धा तास हीटर पूर्ण जोरात चालवला. बंद करतानाही मुख्य स्विच कधी खेचायचा नाही; कवच थंड होईपर्यंत पंखा फिरू द्यायचा.

शेजारी कोल्हापूरहून आलेलं एक कुटुंब भाड्याच्या कॅम्परमध्ये होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी कोळशाची शेगडी उचलून आत नेली. मी धावतच गेले. “दादा, ती बाहेर ठेवा.”

“काय होतंय ताई? निखारंच उरल्यात. धूर कुठाय?”

धूर नसतो तीच तर भीती असते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली होती. जनरेटरमधला हाच वायू गाडीत शिरला होता. हे सांगितल्यावर त्या दादांनी शेगडी मुकाट्याने बाहेर आणून निखाऱ्यांवर पाणी ओतलं. यजमानांनी घरातून वायर ओढून त्यांना तेलाचा विजेचा हीटर लावून दिला. जिथे विजेची जोडणी मिळते तिथे हाच उपाय सगळ्यात निर्धोक. आमच्या उशापाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, छताची झडप बोटभर उघडी होती आणि धुराची नळी दोन्ही गाड्यांच्या खिडक्यांपासून लांब वळवलेली होती. सासूबाई रात्रभर गाढ झोपल्या.

पहाटे कुरण पांढरं झालं होतं. चहासाठी बाहेर ठेवलेला गॅस पेटेना, पेटला तरी ज्योत मलूल. आपल्या एलपीजीत ब्युटेन आणि प्रोपेन दोन्ही असतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याहून गारठा पडला की ते द्रवच राहतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. म्हणून थंड देशांतल्या मोटरहोममध्ये प्रोपेन वापरतात. सिलिंडरला आच दाखवणं हा जिवावरचा खेळ. आम्ही तो उन्हात येऊ दिला आणि चहाला थोडा उशीर केला. गॅस जळताना पाणीही तयार होतं, किलोमागे दीड किलोहून जास्त. बंद गाडीत तेच काचांवर ओघळतं आणि पांघरुणं दमट करतं. स्वयंपाकाच्या शेगडीवर गाडी तापवू नये, याचं हे दुसरं कारण, पहिलं श्वासाचं.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता महाबळेश्वरला आणि चिखलदऱ्याला अशा गाड्या दिसत राहतील आणि हिवाळ्यात त्यांत म्हातारी माणसं, लहान मुलं झोपतील. गाडी भाड्याने घेताना पलंग आणि टीव्ही दाखवले जातात. त्याआधी मालकाला विचारावं : हीटर जळणासाठी हवा कुठून घेतो, धूर कुठे सोडतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे? मग तो अलार्म आपल्यासमोर दाबून वाजवून घ्यावा. तो वाजला नाही, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी त्यात घरच्यांना झोपवू नये.