मोहर्लीची वाट

ताडोबाला कसं जायचं, हे मला बरेच मित्र विचारतात. उत्तर सोपं आहे. नागपूरहून एसटीने किंवा रेल्वेने चंद्रपूर गाठायचं. तिथून मोहर्लीचं गेट तीसेक किलोमीटरवर. आधी कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मग अचानक जंगल सुरू होतं. सफारीचं बुकिंग ऑनलाइन करायचं, ओळखपत्र जवळ ठेवायचं. मंगळवारी जंगल बंद असतं, पावसाळ्यात कोअर क्षेत्र बंद असतं. मोबाइल आत नेता येत नाही.

एवढं सांगितलं की काम संपतं. पण मागच्या एप्रिलात मी स्वतः गेलो, तेव्हापासून हे उत्तर मला अपुरं वाटतं.

चंद्रपुरात खालाच्या घरी मुक्काम होता. फजरची नमाज पढून निघालो. गेटवर जिप्सी मिळाली, सोबत मोहर्लीचीच एक गाइड मुलगी. रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसले. गोंड राजांच्या काळात यांवरून दोर बांधून निरोप पोचवत, असं सांगतात. पुढे तलाव आला. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारूचं ठाणं याच काठावर आहे. गोंडांचा हा देव. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव पडलं, असं मानतात. पौषात इथे जत्रा भरते. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण देव त्याच्या कितीतरी आधीचा.

वाघ दिसला नाही. मागच्या सीटवरचे पाहुणे कुरकुरू लागले, पैसे वाया गेले म्हणाले. मुलगी हसली आणि मला हळूच म्हणाली, "भाऊ, माही माय आज पहाटेच मोहफुलं वेचाले गेली आहे. तिले वाघ नाही दिसला म्हणजे आमचा दिवस चांगला गेला."

मी गप्प झालो. मला दादाजान आठवले.

दादाजान उन्हाळ्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर दिवानजी असत. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. दिवसभर बायका पानं तोडून, पुडे बांधून आणत, दादाजान मोजून वहीत मांडत. अब्बा सांगायचे की, मगरिबची वेळ होत आली तरी शेवटची बाई फळीवर पोचल्याशिवाय ते मुसल्यावर उभे राहत नसत. कुणी म्हटलं, "दिवानजी, नमाज उशीर होते," तर म्हणत, "आधी माणसं मोजू द्या."

लहानपणी मला वाटायचं, दादाजान हिशेबाला पक्के होते. तो हिशेब कसला होता, हे मला मोहर्लीत कळलं.

2025 च्या मे महिन्यात याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलं असोत की पानं, ती वाकूनच गोळा करावी लागतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. वाघाचा यात दोष नाही. बायकांचाही नाही. घर चालवायला मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचे ते थोडे आठवडेच हाताशी असतात. एकाच जंगलात दोन प्रकारचे लोक फिरतात. एक जिप्सीत बसून वाघ दिसावा म्हणून, दुसरे पायी, तो दिसू नये म्हणून. पहिल्यांसाठी वेळापत्रक, गाइड, नियम सगळं आहे. दुसऱ्यांना संध्याकाळी मोजणारं कुणी आहे का?

वाघ वाचलाच पाहिजे. पर्यटनामुळे त्या मुलीला गावातच रोजगार मिळाला, हेही खरं. म्हणून ताडोबाला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जरूर जा.

परतताना गेटजवळ एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन येताना दिसली. मुलीने जिप्सीतूनच हात हलवला. "आली," एवढंच म्हणाली. मीही मनातल्या मनात वहीत एक नाव मांडलं.

आता कुणी विचारलं, ताडोबात काय पाहिलं, तर मी हेच सांगतो.