‘थँक्यू’ न म्हणणारा मुलगा

एप्रिलमधला शनिवार. पंखा फुल स्पीडवर होता आणि तरी हवा गरमच येत होती. फर्स्ट कम्युनियनला तीन आठवडे राहिले होते. माझ्यासमोर एकोणीस पोरं ओळीत उभी होती. पेन ड्राइव्हवर ट्रॅक होता, गाणं होतं देवाचे आभार मानण्याचं. दोन टाळ्या, एक गिरकी, मग हात वर. इंग्रजी गाण्याच्या चालीवर कुणीतरी मराठी शब्द बसवलेले. पोरांना ते भयंकर आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

खिडकीजवळचा एक मुलगा मात्र हलत नव्हता. टाळी नाही, गिरकी नाही, तोंड बंद. मी दोनदा ट्रॅक थांबवला. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, “चेहरा हसरा ठेव रे जरा. देवासाठी गातोयस ना?”

तो शांतपणे म्हणाला, “टीचर, मला थँक्यू नाय म्हणायचं.”

बाकीची पोरं हसली. मी ट्रॅक पुन्हा सुरू केला.

त्याचे वडील मागच्या पावसाळ्यात कारखान्यातल्या अपघातात गेले होते. मला हे माहीत होतं. म्हणजे, अंत्यविधीच्या मिस्साला कीबोर्ड मीच वाजवला होता. आणि तरी मी त्याला हसरा चेहरा ठेवायला सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे.

*

बोईसरला तुम्ही कधी उतरला असाल तर स्टेशनबाहेरची गर्दी तुम्हाला माहीत असेल. 2013 साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि ही गर्दी आणखी वाढली. एका बाजूला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, 1969 पासून वीज बनवणारं. दुसरीकडे एमआयडीसी: औषधं, रसायनं, रंग, कापड, पोलाद. काम शोधत सगळा देश इथे आलाय. आमच्या चर्चमध्ये रविवारी ते दिसतं. केरळच्या नर्स, तामिळ फिटर, झारखंडचे कंत्राटी कामगार, गोव्याचं एखादं कुटुंब, तलासरी-डहाणूकडची वारली घरं. आणि आमच्यासारखे वसईचे, घरात कादोडी बोलणारे. माझे वडील नव्वदच्या दशकात नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. मीही आता इथल्याच एका लॅबमध्ये नोकरी करते. शनिवारी संध्याकाळी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि त्यानंतर गाण्याचा सराव घेते.

इथे वाढलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. मोठा आवाज झाला की आधी फोन काढायचा.

11 जानेवारी 2020, तोही शनिवारच. दुसऱ्या दिवशी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण होता, म्हणून सराव लांबला होता. सात वाजून गेले होते. अचानक धाडकन आवाज झाला आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. कोलवडे गावाजवळच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. कामगार मेले होते, हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की कुणाचे बाबा सेकंड शिफ्टला आहेत आणि कुणाचे नाहीत. मोठ्या मुलांकडे फोन होते, त्यांच्यावरून लहान मुलं घरी फोन लावत होती. माझ्या बाबांनी तिसऱ्या वेळी फोन उचलला.

पालक येईपर्यंत मुलांना आत बसवून ठेवायचं होतं. काही मुलं रडत होती. मी काय केलं असेल? कीबोर्डचा रिदम लावला आणि टाळ्यांचं गाणं सुरू केलं. दुसरं काही येतच नव्हतं. मुलं रडत रडत टाळ्या वाजवत होती. इतक्या वर्षांत ते चित्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

‘मला थँक्यू नाय म्हणायचं’ ऐकल्यानंतरच्या रविवारी मी माझी गाण्यांची फाइल उघडली. मुलांसाठी जमवलेली चौसष्ट गाणी. स्तुतीची, आभाराची, आनंदाची, ‘येशू माझा मित्र’ छापाची. दुःखाची तीन, आणि तीही उपवासकाळात क्रूसाच्या वाटेला म्हणायची. त्यातलं दुःख येशूचं आणि त्याच्या आईचं. गाणाऱ्याचं स्वतःचं असं एकही नाही. म्हणजे वर्षातले सहा आठवडे सोडले तर आमच्या मुलांना चर्चमध्ये रडायला जागा नाही. आणि त्या सहा आठवड्यांतही रडायचं ते दुसऱ्यासाठी.

पण बायबलमध्येच गाण्यांचं एक पुस्तक आहे आणि ते असं नाही. 150 स्तोत्रं. अभ्यासक सांगतात, त्यातली जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. दर रविवारी पहिल्या वाचनानंतर आपण त्यातलंच एक स्तोत्र प्रतिसाद म्हणून गातो. क्रूसावर येशूने ज्या शब्दांत हाक मारली ते 22 व्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत. 88 वं स्तोत्र तर संपतं तेही अंधारावरच, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. 46 व्यात पृथ्वी हलते, डोंगर समुद्रात कोसळतात. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्यांच्या मुलांना हे स्तोत्र समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मराठीत देवाशी भांडणं तरी काय नवीन आहे? तुकोबा विठ्ठलाला काय काय बोललेत ते आपण शाळेत शिकतो. जनाबाईनेही त्याला सोडलेलं नाही. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यात सासर, मेलेला भाऊ, न आलेलं पत्र, सगळं असायचं. ती जुन्या वळणाची कॅथलिक. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, उत्तरं पाठ, अर्थ कुणाला माहीत! 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडलं आणि त्याच दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यायला सांगितलं. त्यानंतर आजीला चर्चमध्ये मराठी मिळाली. पण जात्यावरची ओवी जात्यावरच राहिली. तिचं खरं रडणं स्वयंपाकघरात आणि चर्चमध्ये फक्त गोड गाणी.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मॅट रेडमन हा ब्रिटिश गीतकार 2001 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेत होता. त्या आठवड्यांत चर्चमध्ये गायला दुःखाची गाणीच जवळजवळ नाहीत, हे त्याला जाणवलं. त्यातून त्याने जे गाणं केलं ते आज जगभर गायलं जातं. आम्ही त्याच्या दुसऱ्याच गाण्याचा ट्रॅक वापरत होतो, आनंदी असलेल्या.

*

मी फादरांकडे गेले. म्हटलं, “फादर, मुलांना 13 वं स्तोत्र शिकवू?”

ते म्हणाले, “फर्स्ट कम्युनियनला?”

“हो.”

“त्या दिवशी नको. तो सण आहे आणि त्या मिस्साचं स्तोत्र ठरलेलं असतं. पण शनिवारच्या वर्गात शिकव की. दोन नोव्हेंबरला गा.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि तो पेन ड्राइव्ह जरा कमी कर. ट्रॅक मुलांसाठी थांबत नाही.”

ते खरंच होतं. मुलांच्या मिस्साबद्दल रोमने 1973 साली एक मार्गदर्शिका काढली आहे. फादरांनी मला ती दाखवली. मुलांच्या मिस्सात गाण्याला मोठं स्थान द्या, असं ती म्हणते. रेकॉर्डेड संगीताला ती सरसकट नाही म्हणत नाही, पण ते बिशपांच्या मंडळाने घातलेल्या नियमांत राहून. आणि वाद्यांनी मुलांचा आवाज झाकता कामा नये, हेही सांगते. मी पाच वर्षं नेमकं तेच करत होते. ट्रॅकचा आवाज इतका मोठा की कोण गातंय, कोण नुसते ओठ हलवतंय, कोण गप्प आहे, काही कळायचं नाही. तो एक मुलगा दिसला, कारण तो हातही हलवत नव्हता. त्याच्याआधी असे किती जण येऊन गेले असतील?

13 वं स्तोत्र लहान आहे, सहाच कडवी. पहिल्या दोन कडव्यांत देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारलाय: कुठवर? मग विनवणी. आणि अगदी शेवटी विश्वास आणि गाणं. मी आजीच्या ओवीची चाल घेतली. चार-पाच सुरांतच फिरणारी, त्यामुळे कुणालाही जमेल अशी. रिदम बंद केला. कीबोर्डवर फक्त एक सूर धरून ठेवला, तंबोऱ्यासारखा.

पहिल्या शनिवारी मुलं कंटाळली. “टीचर, ॲक्शन नाय?” मी म्हटलं, नाही. मग एकेकाला विचारलं, तुम्हाला देवाला ‘कुठवर’ असं कधी विचारावंसं वाटलंय? आधी कुणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, आजीचा पाय बरा होत नाही. एक म्हणाला, पप्पा गावाहून येत नाहीत. एकाने विचारलं, परीक्षा कुठवर? सगळे हसले, मीही हसले. खिडकीजवळचा काही बोलला नाही. मी त्याला विचारलंही नाही. तेवढं मी शिकले होते.

फर्स्ट कम्युनियन नीट पार पडलं. टाळ्यांचं गाणं झालंच, आणि झालं तेही छान. आनंदाची गाणी खोटी असतात असं मला म्हणायचं नाहीच. अठरा मुलं मनापासून गिरक्या घेत होती. तो एकोणिसावा पांढऱ्या शर्टात ओळीत उभा होता, हात खाली. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, राहू दे म्हणून.

*

दोन नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाची मिस्सा दफनभूमीत असते. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, डास. ज्यांची माणसं दुसऱ्या गावात पुरलेली असतात ते मधल्या मोठ्या क्रूसाखाली मेणबत्ती लावतात. बोईसरमध्ये अशी माणसं खूप. केरळवाले, तामिळ, झारखंडचे, सगळ्यांचे मृत दूर. त्याच्या वडिलांनाही तलासरीकडे, त्यांच्या पाड्यावर नेलं होतं. त्याने आणि त्याच्या आईने तिथेच क्रूसाखाली मेणबत्ती लावली आणि मग तो येऊन मुलांच्या ओळीत उभा राहिला.

तिथे वीज नव्हती, त्यामुळे कीबोर्ड नाही. मी सूर दिला आणि मुलांनी सुरू केलं. पहिला ‘कुठवर’ झाला. दुसऱ्याला मला त्याचा आवाज ऐकू आला. जाडसर, सुरापेक्षा जरा खाली. तिसरा, चौथा. ट्रॅक असता तर तो कानावर पडलाच नसता.

पुढच्या कडव्यांना तो थांबला. विनवणी नाही, विश्वास नाही, शेवटचं गाणं नाही. त्याने ओठ मिटून घेतले आणि मेणबत्तीकडे पाहत राहिला. बाकीच्या मुलांनी स्तोत्र पूर्ण केलं. मागच्या बायका दोन वेळा ऐकून तिसऱ्यांदा आमच्याबरोबर म्हणू लागल्या. त्याची आईही त्यांच्यात होती.

घरी येताना मला वाटत होतं की त्याने शेवटपर्यंत गायला हवं होतं. आठवडाभर वाटत राहिलं. मग लक्षात आलं की स्तोत्र एकट्याने म्हणायचं नसतंच. ज्याला आज शेवटचं कडवं जमत नाही, त्याच्या वाटचं शेजारच्याने म्हणायचं. उद्या पाळी उलटी असेल. आमच्या गावात तर नक्कीच.

त्यानंतरच्या शनिवारी मी फाइलमध्ये नवं पान लावलं. आता त्यात दुःखाची सात आहेत. तो अजून ‘कुठवर’पर्यंतच गातो आणि मग थांबतो. आम्ही पुढचं म्हणतो.